फेसाचा रंग: मामाच्या अल्बममधल्या बिअरच्या जाहिराती वाचवताना

जुन्या मासिकांतून फाडून ठेवलेली जाहिरातींची पानं ठाण्याच्या ओल्या हवेत कशी टिकवायची, हे मला माझ्या मामाच्या एका अल्बममुळे शिकावं लागलं. मामा कमर्शियल आर्टिस्ट होता. 1950 च्या दशकात जे.जे.ला शिकला आणि पुढे जन्मभर साबणाची वेष्टनं, तेलाच्या डब्यांची लेबलं, कॅलेंडरं अशी कामं करत राहिला. नौपाड्यातली त्याची इमारत पुनर्विकासाला गेली. माळा रिकामा करताना मामीने हा जाड अल्बम माझ्याकडे दिला. आत अमेरिकन आणि काही इंग्लिश मासिकांची पानं होती, आणि जवळपास प्रत्येक पानावर बिअरची जाहिरात.

"ह्यांनी जन्मात कधी थेंब घेतला नाही," मामी म्हणाली, "पण ह्या पानांना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तुला चित्रांतलं कळतं, तूच बघ काय करायचं ते."

मामाने ही पानं जमवली तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती. 1949 चा कायदा लागू झाला होता आणि बिअर प्यायची तर परवाना लागायचा. पण फोर्टातल्या फुटपाथवर परदेशी मासिकांची रद्दी मिळायची. इलस्ट्रेशनची पुस्तकं परवडत नसत, रद्दीतलं मासिक परवडायचं. पान मोठं, छपाई रंगीत, आणि चित्रं त्या काळच्या अव्वल चित्रकारांची. त्यातही बिअरच का, हे मला आधी कळत नव्हतं. पानांच्या कडेला मामाने पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी केल्या होत्या, त्या वाचल्यावर कळलं. पारदर्शक काच, आत सोनेरी द्रव, वर फेस, बाहेरून गारव्याने जमलेले थेंब. रंगवायला अवघड असं सगळं एकाच वस्तूत एकत्र आलेलं. एका पानावर त्याने लिहिलंय, "ग्लासची कड काढू नको. मागचं जे दिसतं ते वाकवून काढ, कड आपोआप होते." दुसऱ्या एका पानावर, "फेस पांढरा नाही. उजेडाकडे पिवळसर, सावलीत निळसर करडा. कोरा पांढरा फक्त एका ठिपक्यापुरता."

ह्या नोंदी वाचल्या तेव्हाच ठरवलं, पानांचं काहीही होवो, पेन्सिलीला धक्का लागता कामा नये. पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरूनच घेतला.

अल्बमची अवस्था वाईट होती. मूळ पानं मामाने सुटी ठेवली होती, पण 1980 च्या आसपास त्याने ती त्या काळी सगळीकडे मिळणाऱ्या चिकट पानांच्या अल्बममध्ये लावली. जाड पुठ्ठ्यावर डिंकाच्या रेघा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक. तेव्हा घरोघरी लग्नाचे फोटो असेच लावत. हा डिंक वर्षांनी पिवळा पडतो, काही ठिकाणी दगडासारखा घट्ट होतो आणि कागदात उतरतो. त्यात मासिकाचा कागदच मुळात लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हवा आणि उजेड लागून कागद पिवळा आणि ठिसूळ करतं. वर ठाण्याचा पावसाळा. आमच्या घरात जुलैत आर्द्रता मोजायचं यंत्र ऐंशीच्या वर असतं.

मुंबईतल्या एका संवर्धकांना फोटो पाठवून विचारलं. त्यांनी पहिल्यांदा पाण्याबद्दल सावध केलं. गुळगुळीत मासिकी कागदावर चिकणमातीचा थर असतो. तो ओला झाला की दोन पानं एकमेकांना चिकटतात आणि नंतर सोडवताना चित्रच उचकटून येतं. म्हणजे इंटरनेटवर जागोजागी दिसणारा "कोमट पाण्यात भिजवा" हा सल्ला ह्या पानांना घातक होता. खोडरबराच्या चुऱ्याने पुसणंही मी बाद केलं, कारण धुळीबरोबर मामाच्या नोंदीही गेल्या असत्या. उरला मऊ ब्रश, तोही मधून कडेकडे आणि नोंदींना बगल देत.

पानं सोडवण्याआधी अल्बम जसा होता तसा पानागणिक फोटोत उतरवला. मामाने पानं काळानुसार लावली नव्हती. त्याचा क्रम अभ्यासाचा होता. आधी रिकामे ग्लास, मग भरलेले, मग ग्लास धरलेले हात, शेवटी माणसांची गर्दी. फोटो काढले नसते तर हा क्रम कायमचा गेला असता. मग सोडवायला घेतलं. दात साफ करायचा मेण नसलेला दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, पानाच्या कोपऱ्याखाली सरकवायचा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे न्यायचा. डिंक सुकलेला होता तिथे पान सहज सुटलं. जिथे घट्ट होता तिथे मी अल्बमचा पुठ्ठाच मागून सोलून पातळ केला आणि त्याचा पापुद्रा पानामागे राहू दिला. मागची बाजू थोडी कुरूप दिसते, पण पुढची शाबूत आहे. जुन्या सेलोटेपचे तपकिरी डाग आहेत, त्यांना हात लावला नाही. ते काढायला द्रावकं लागतात आणि ते काम माझ्यासारखीने घरी करायचं नाही.

सगळ्यात जास्त रमले ते सालं लावण्यात.

अल्बममधली बरीच पानं एकाच मालिकेतली निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात युनायटेड स्टेट्स ब्रुअर्स फाउंडेशन ह्या बिअर उत्पादकांच्या संघटनेने "होम लाइफ इन अमेरिका" नावाची चित्रमालिका जाहिरात म्हणून चालवली. शंभराहून जास्त चित्रं झाली. त्यात कुठल्याच कंपनीचं नाव नाही. एखादं कुटुंब अंगणात झाड लावतंय, शेजारी पत्ते खेळतायत, कुणी जुने फोटो बघतायत, आणि टेबलाच्या कोपऱ्यात दोनतीन ग्लास. खाली वाक्य, "बिअर बिलाँग्ज, एन्जॉय इट". अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली, पण त्याआधीची बिअर गुत्त्याशी जोडलेली होती. तिला गुत्त्यातून काढून घराच्या दिवाणखान्यात बसवायचं, हा ह्या चित्रांचा सगळा खटाटोप. म्हणून ग्लास मधोमध नाहीत, कडेला आहेत, जणू तिथे नेहमीच असतात. मामाने एका पानावर ग्लासभोवती गोल काढून लिहिलंय, "विकायची वस्तू सगळ्यात लहान. तरी नजर तिथेच जाते. का? टेबलक्लॉथवर पडलेला सोनेरी उजेड." मला जाहिरातकलेबद्दल इतकं नेमकं क्वचित वाचायला मिळालंय.

ह्या मालिकेच्या चित्रांखाली मालिकेतला क्रमांक आणि चित्रकाराचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे क्रम लावणं सोपं गेलं. प्रुएट कार्टर, जॉन गॅनम असे चित्रकार आहेत, पण सगळ्यात जास्त भेटतो तो डग्लस क्रॉकवेल. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्सचा हा चित्रकार चित्रावर सही नुसतं "डग्लस" अशी करायचा, कारण आडनावामुळे लोक त्याची नॉर्मन रॉकवेल ह्या प्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराशी गल्लत करत. त्याने ह्या शांत घरगुती चित्रांसोबत प्रयोगशील ॲनिमेशनपटही केले, हे कळल्यावर मी त्याची चित्रं पुन्हा बघितली. माणसांची मांडणी किती धाडसी आहे, हे तेव्हा जाणवलं.

बाकी पानांना साल शोधावं लागलं. काहींच्या तळाशी स्वामित्वहक्काची बारीक ओळ असते, श्लिट्झ ह्या अमेरिकन बिअरच्या जाहिरातींत ती सापडली. नसेल तर पत्ता बघायचा. अमेरिकेत 1943 पासून मोठ्या शहरांच्या नावापुढे एकदोन आकडी टपाल विभाग लिहायला लागले आणि 1963 मध्ये पाच आकडी झिप कोड आला. म्हणजे शहरापुढे लहान आकडा दिसला की पान ह्या वीस वर्षांतलं. चित्रात बिअरचा पत्र्याचा डबा असेल तर 1935 च्या आधीचं असू शकत नाही, कारण डब्यातली बिअर पहिल्यांदा त्या वर्षी 24 जानेवारीला रिचमंड, व्हर्जिनिया इथे विक्रीला आली. डबा उघडायला वेगळं हत्यार हातात दिसत असेल तर डब्यालाच ओढायची पट्टी येण्याआधीचं, म्हणजे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीआधीचं.

आणि सगळ्यात भरवशाचं साधन पानाची मागची बाजू. गूगल बुक्सवर "लाइफ" साप्ताहिकाचे 1936 ते 1972 पर्यंतचे अंक पूर्ण बघता येतात. मागच्या बाजूच्या लेखातलं एखादं वेगळं वाक्य टाकून शोधलं की अंक, तारीख आणि पान क्रमांक हाती येतो. अशी पानं जमवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मागची बाजू कोरी समजून तिच्यावर काही चिकटवू नका.

इंग्लिश पानांत गिनेस ही काळी बिअर होती. ही ब्रुअरी डब्लिनमध्ये 1759 पासून, पण ब्रिटनमध्ये तिने वर्तमानपत्री जाहिराती सुरू केल्या त्या 1929 मध्ये. एस. एच. बेन्सन ह्या एजन्सीत काम करणाऱ्या जॉन गिलरॉयने मग प्राण्यांची फौज उभी केली. सीलच्या नाकावर ग्लास, शहामृगाच्या गळ्यात अडकलेला ग्लास, आणि 1935 मध्ये आलेला टूकन पक्षी. गांगरलेला प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार मात्र बऱ्याच चित्रांत तोच. क्रॉकवेलच्या चित्रात दिवाणखान्यातला उजेड आहे, गिलरॉयच्या चित्रात उजेडाचा पत्ता नाही. काळा आकार, वर साईच्या रंगाचा आकार, मागे सपाट रंग, संपलं. मामाची नोंद इथे एका शब्दाची आहे, "भिंतीसाठी." चालत्या माणसाला लांबून कळायला हवं ते चित्र आणि मांडीवर मासिक घेऊन बघायचं चित्र, ह्यातला फरक त्याने त्या एका शब्दात मांडलाय.

शेवटी एक पोस्टकार्ड होतं, चेक चित्रकार अल्फोन्स मुखाच्या 1897 च्या "बिएर द ला म्यूज" ह्या बिअरच्या पोस्टरचं. बाईच्या केसांत पॉपीची फुलं, जवाच्या लोंब्या आणि बिअरमध्ये घालतात ती हॉप्सची फुलं माळलेली. दगडावरच्या छपाईचा तो बहराचा काळ. आपल्याकडे राजा रविवर्म्याचा छापखानाही 1894 मध्ये त्याच तंत्रावर मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

स्कॅनिंगसाठी नौपाड्यातल्या नकाशे छापून देणाऱ्या दुकानात गेले. "लाइफ"चं पान जवळपास 14 इंच उंच, घरच्या स्कॅनरवर मावत नाही. दुकानदार म्हणाले, "मॅडम, रोलरमधून टाकतो, पाच मिनिटांत काम." ठिसूळ पान रोलरमधून काढायचं नव्हतं, म्हणून त्यांच्याकडच्या ए-थ्री आकाराच्या सपाट काचेच्या स्कॅनरवर एकेक पान स्वतः ठेवलं, वर काळा कागद टाकून, म्हणजे मागच्या बाजूचं छापील पुढे झिरपत नाही. छापील ठिपक्यांमुळे स्कॅनमध्ये लाटा उमटतात. त्यासाठी 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके इतक्या बारकाईने, घेऊन नंतर लहान करायचं. पेन्सिलीच्या नोंदींना वेगळा प्रकाश लागला. त्या खिडकीशी तिरप्या उजेडात मोबाइलने टिपल्या, आणि तिथे वाचता आल्या.

ह्याच दिवसांत माळ्यावरच्या दुसऱ्या पिशवीतून मामाच्या स्वतःच्या कामाचे छापील नमुने निघाले. त्यात कोकम सरबताच्या बाटलीचं एक लेबल आहे. पांढऱ्या टेबलक्लॉथवर काचेचा ग्लास, आणि ग्लासातून आरपार गेलेल्या उन्हाचा लालसर डाग कापडावर. मी ते लेबल क्रॉकवेलच्या त्या गोल काढलेल्या पानाशेजारी ठेवलं. ग्लासचा कोन वेगळा आहे, बाजू उलटी आहे, पण उजेड तिथूनच आलाय. मामीला दाखवलं. ती बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे लेबल काढताना ह्यांनी मला तासभर ग्लास धरून खिडकीत उभं केलं होतं." म्हणजे शिकवण अमेरिकेतल्या पानाची आणि ऊन नौपाड्याचं. अल्बम आणि लेबलं वेगळी करायची नाहीत, हे तेव्हाच नक्की झालं.

आता प्रत्येक पान पॉलिएस्टरच्या पारदर्शक खिशात आहे. पीव्हीसीचे खिसे मी घेतले नाहीत, त्यातून बाहेर पडणारी रसायनं कागदाला बाधतात. खिसे आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे, मामाच्या क्रमाने. पेटी बाहेरच्या भिंतीला न टेकवता आतल्या खोलीतल्या कपाटात आहे आणि तिच्याजवळ सिलिका जेल. पावसाळ्यात त्याचा रंग बदलला की ते काढून तापवून कोरडं करते.

दोन पानं मात्र राहिली आहेत. माळ्यावर कधीतरी गळती झाली असावी, ती समोरासमोर चिकटून एकजीव झालीत. बाहेरच्या बाजूच्या मजकुरावरून अंकाची तारीख लागली, त्यामुळे आत कुठली चित्रं आहेत ते ठाऊक आहे, त्यांच्या स्वच्छ प्रती अंकात बघितल्या. पण मला त्या पानांच्या कडा हव्या आहेत. संवर्धकांनी आशा कमी असल्याचं स्पष्ट सांगितलंय. हवा कोरडी झाली की जानेवारीत एक कोपरा सुटतो का ते बघू म्हणाले, आणि पानं सध्या त्यांच्याकडे आहेत.