होय, लस घेतली त्या दिवशीही पंप ओढते

तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा एकदा सांगते. होय, लस घेतल्यावर दम्याचा पंप (इन्हेलर) ओढलेला चालतो, त्याच संध्याकाळी चालतो. फ्लूच्या लसीचे दिवस आले की सोसायटीतलं कोणीतरी जिन्यात गाठतंच, "काकू, तो स्टिरॉइडचा पंप ना? मग लस लागू पडते?" मी डॉक्टर नाही. पण या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच्या छातीवर काढलंय.

एप्रिल 2021. कोविशील्ड टोचली, अर्धा तास बसवलं, घरी सोडलं. मोबाइलवर मेसेज फिरत होता: स्टिरॉइडनं लसीचा असर जातो, महिनाभर पंप बंद ठेवा. ठेवला. बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या, पण त्या मेसेजखाली सही कोणाची, ते नाही पाहिलं.

चार दिवस काहीच झालं नाही, तेच वाईट झालं. सहाव्या रात्री अडीचला मी ओट्यावर कोपरं टेकून उभी. आडवं होता येईना, छातीतली शिट्टी मलाच ऐकू येत होती. दम लागला की ओढायचा तो निळा पंप मुठीत, टोपणसुद्धा काढलेलं. हे म्हणाले, "अगं, ओढ ना!" बोलायला दम नव्हता. मी बोटानं दंड दाखवला, सुई टोचलेली जागा. ह्यांना कळेचना. कळलं तेव्हा असे ओरडले, की शेजारचा दिवा लागला. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती पोकळ नळी, माझ्या तोंडाला लावून एकेक पफ दिला, मध्ये चार-पाच श्वास, असे दहा. दवाखान्यात खाटा नव्हत्या, जाणार कुठे?

सकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले, निळ्या पंपात स्टिरॉइड नसतंच. रोजच्या पंपात असतं, पफला 200 मायक्रोग्रॅम, त्यानं लस वाया जात नाही. मग स्टिरॉइडच्याच गोळ्या दिल्या: रोज 40 मिलिग्रॅम, पाच दिवस. हिशेब करा. दोनशे पफांचं स्टिरॉइड एका दिवसात, तेही पंप टाळला म्हणून! (गोळ्या चालू असतील तर मात्र लसीआधी डॉक्टरांना सांगा.)

तरी तेव्हाच्या मला अगदीच मूर्ख म्हणवत नाही. दोन डोसमधलं अंतरसुद्धा सरकारनं मार्च ते मे 2021 मध्ये दोनदा बदललं.

आणि हो, लस घेतल्या घेतल्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला, तर दमाच समजून पंप ओढत बसू नका. नर्सला हाक मारा.

गेल्या वर्षी फ्लूची लस घेतली. संध्याकाळी पंप हातात घेतला आणि आधी घड्याळ बघितलं, किती तास झाले ते. ह्यांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत.