शेवटचं ठीक कधी पाहिलं?

फ्लूचा पेशंट, सहावा दिवस, ताप उतरलेला, ऑक्सिजनही काढलेला. सकाळी 7.10 ला राउंडवर पाहिलं तर डावा हात गादीवरून उचलेना, तोंड आणि नजर दोन्ही उजवीकडे. नातेवाईक म्हणाले, तापाचा अशक्तपणा आहे. पेशंटची स्वतःची काहीच तक्रार नाही. मेंदूच्या उजव्या बाजूचा झटका असाच लबाड असतो; डावी बाजू गेल्याचं बऱ्याचदा ज्याचं त्यालाच कळत नाही.

सगळं अडलं वेळेवर. गुठळी विरघळवायच्या औषधाचे साडेचार तास मोजायचे ते पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून, आमच्या लक्षात आलं तिथपासून नव्हे. चार्टवर रात्रभराचं टेम्परेचर, पल्स, सॅच्युरेशन नेटकं लिहिलेलं. हातपाय हलतात का, याला रकानाच नाही. डी-डायमर (रक्तात गुठळ्या होताहेत का, याचा अंदाज देणारी तपासणी) मात्र रोज पाठवलेला! तो कुठल्याही जोरदार इन्फेक्शनमध्ये वाढतो, मेंदूत काही चाललंय का ते सांगत नाही. वेळ मिळाली ती मावशींकडून: 5.15 ला चादर बदलताना पेशंटने दोन्ही हातांनी कठडे धरले होते. म्हणजे 9.45 पर्यंत मुभा.

शुगर ठीक. सीटीत रक्तस्राव नाही, मेंदूच्या अँजिओत उजव्या एमसीएच्या (मेंदूच्या त्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीच्या) तोंडाशीच गुठळी. रात्री एनोक्झापॅरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) 40 मिलीग्रॅम गेलं होतं म्हणून रेसिडेंट बिचकला. तो गुठळी होऊ नये म्हणून दिलेला प्रतिबंधक डोस, आड येत नाही. उपचाराचा डोस असता तर थांबावं लागलं असतं. बीपी लॅबेटॅलॉल या औषधाने 185/110 च्या खाली आणलं. वजन काट्यावर 62 किलो (अंदाजाने वजन लिहिणाऱ्यांपुढे हात टेकले), म्हणून अल्टेप्लेज, म्हणजे ते गुठळी विरघळवायचं औषध, 55.8 मिलीग्रॅम: 5.6 एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. ते चालू असतानाच नळी घालून गुठळी काढायला कॅथलॅब गाठली, कारण एवढी मोठी गुठळी नुसत्या औषधाला क्वचितच दाद देते.

हात परतला, पकड अजून ढिली आहे. विषाणूमुळे रक्तवाहिनीच्या अस्तराला सूज येते, प्लेटलेट चिकट होतात. तेवढं कारण लिहून फाइल मिटली असती. पण नंतर मॉनिटरवर काही मिनिटं एएफ दिसलं, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, ज्यात हृदयात गुठळी होऊ शकते. गुठळी हृदयातून आली असेल, तर ते एएफ आधीपासूनचं की इन्फेक्शनने चाळवलेलं? ताप गेला म्हणून ते परत येणार नाही, असं धरून चालता येत नाही. म्हणून पुन्हा सीटी करून, रक्तस्राव नाही याची खात्री करूनच रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली. ती किती काळ चालवायची, यावर कार्डिओलॉजीचं आणि आमचं अजून जमलेलं नाही.