काळ्या मातीची भुलाबाई

भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोबा म्हणजे शंकर. ही मातीची जोडी भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीपर्यंत पोरी रोज तिच्यापुढे गाणी म्हणतात. म्हणून गणपती बसले की त्याच संध्याकाळी भुलाबाईची माती भिजत घालायची. चतुर्थीपासून भाद्रपद पौर्णिमेपर्यंत जेमतेम दहा-अकरा दिवस मिळतात, आणि त्यातला आठवडाभर तर नुसता वाळण्यात जातो. चौदसच्या रात्री, गणपती बोळवल्यावर आठवण झाली तर बाजारातली रंगवलेली जोडी आणण्यावाचून इलाज नाही. खानदेशात कुठे भुलाबाई म्हणतात, कुठे गुलाबाई. करायची रीत तीच.

खरी अडचण मातीची. आपल्याकडे अंगण खणा नाही तर बांध उकरा, काळी मातीच हाती येते. कापसाला ती हवीच, पण मूर्तीला पिडते. पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच भुलाबाईच्या पोटावर होतं. शाडू आणला तर हे निम्मं दुखणं टळतं. पण घरची माती वापरायचीच असेल तर आधी तिची परीक्षा घ्या, आणि ती गणपतीच्या आधीच उरकून ठेवा.

माती कुटून मैद्याच्या चाळणीने चाळा, भिजवून मळा. बोटभर जाडीची लांबट पट्टी करून तिच्यावर सुरीने बरोबर १० सेंमी अंतरावर दोन खुणा करा. सावलीत खडखडीत वाळली की पुन्हा मोजा. अंतर साडेनऊच्या आसपास भरलं तर माती चालेल. नऊच्या खाली गेलं तर वाळू घालावीच लागेल. तापी-गिरणेच्या पात्रातली बारीक वाळू चाळून घ्या आणि तीन वाट्या मातीला एक वाटी इथून सुरू करा. फारच चिकट मातीला निम्मी वाळूही लागते. वाळूचा कण आकसत नाही, म्हणून मातीचं आकसणं कमी होतं. मात्र वाळू जास्त झाली की माती मोडकी होते. पेन्सिलीएवढी वळी बोटाभोवती गुंडाळून पाहा. वळी तडकली की समजा, वाळू जास्त झाली.

दुसरा उपाय घरातच असतो, कापूस. तयार तीन किलो मातीला २० ग्रॅम सरकी काढलेला कापूस पुरतो. पण तो वातीसाठी पिंजतात त्याहून बारीक पिंजायचा, अगदी तंतू-तंतू. गोळा तसाच राहिला तर तिथे माती पोकळ होते आणि नेमकी तिथूनच उकलते. हे काम लहान पोरांना द्यावं. त्यांना कंटाळाही येत नाही आणि बोटं बारीक असल्याने जमतंही छान. माती थापून वर कापूस पसरायचा, घडी घालायची, पुन्हा थापायचं. साट्याच्या पोळीसारखं असं सात-आठ वेळा. पाणी बेताचंच ठेवा, माती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवी. जेवढं पाणी उडून जाणार तेवढी माती आकसणार.

घरच्या मूर्तीला वीतभर उंची पुष्कळ झाली. पाटावर आधी वर्तमानपत्राचा कागद घाला. मूर्ती थेट पाटावर केली तर बूड लाकडाला चिकटून बसतं, वरचं अंग आकसत राहतं आणि मांडीपाशी आडवी चीर जाते. कागद असला की बूडही त्याच्यासोबत सरकतं. बैठक आणि धड एकाच गोळ्यातून काढा. हात वेगळे लावायचे तर दोन्ही बाजू काट्याने ओरखडून त्यांना दह्याइतका पातळ चिखल लावा आणि मग दाबा. नुसतं पाण्याचं बोट फिरवून चिकटवलेला हात तिसऱ्या दिवशी पाटावर सापडतो. आधाराला काडी खुपसायचा मोह बहुतेकांना होतो, पण काडी आकसत नाही, माती आकसते, आणि हात उभा फाटतो. त्यापेक्षा हात मांडीवर टेकवूनच ठेवा. मान जाड ठेवा, वर पोत आणि हार आला की दिसत नाही. भुलोबाचा फेटा वेगळ्या पट्टीने गुंडाळा. त्यांच्यासोबतचा बाळ गणपती छोटा असल्याने सगळ्यात आधी वाळतो, म्हणून तो शेवटी करायचा.

चार-सहा तासांनी माती टणकू लागली की मूर्ती आडवी धरून बुडातून चमच्याने पोकळ करा. भिंत बोटभर जाड राहिली पाहिजे. भरीव मूर्ती वरून वाळते, आत ओली राहते, आणि त्या ओढाताणीत फुटते. पहिले दोन दिवस वर ओलसर फडकं ठेवा, मग ते काढून सावलीत राहू द्या. पंखा नको, ऊन तर नकोच. भादव्याचं ऊन एका दुपारीत घात करतं. वाळली की नाही हे गालाला लावून कळतं. गार लागली तर आत ओल आहे.

बारीक चीर पडलीच तर ओला चिखल भरू नका, तो वाळून पुन्हा सुटतो. त्याच मातीची कोरडी पूड डिंकाच्या पाण्यात कालवून भरा.

रंगाआधी पांढरा हात हवा, तो खडूच्या भुकटीचा. चुना चुकूनही नको. चुन्यावर हळद लागली की ती लाल होते आणि पिवळी भुलाबाई क्षणात कुंकवाची होऊन बसते. अर्धा कप कोमट पाण्यात दोन चमचे बाभळीचा डिंक रात्रभर भिजवा, गाळा, आणि त्यातच खडू, हळद, गेरू, काजळ वेगवेगळं कालवा. डिंक जास्त झाला तर रंगाची पापडी सुटते, कमी झाला तर बोटाला लागतो. डोळे सगळ्यात शेवटी, टोक काढलेल्या खराट्याच्या काडीने, आणि घरात ज्याचा हात स्थिर असेल त्यानेच.

मखराला ज्वारीचे धांडे पेराजवळ बांधा, म्हणजे दोरी घसरत नाही. ओले धांडे वाळून बारीक होतात, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी गाठी पुन्हा आवळाव्या लागतात.

मग महिनाभर रोज गाण्यांनंतर खिरापत, म्हणजे वाटायचा प्रसाद. डबा न उघडता ती ओळखायची असते, आणि पोरी डबा हलवून आवाजावरूनच ओळखतात. फुटाणे, शेंगदाणे, केळीचे वेफर्स यांचा आवाज लपत नाही. डब्यात आधी फडकं घाला, त्यात खिरापत गच्च बांधा. वेफर्स मात्र गच्च बांधले की चुरा होतात, ते मोकळ्या डब्यातच द्यावेत आणि हरावं.

कोजागिरीनंतर बादलीत विसर्जन. खडखडीत वाळलेली माती तासा-दोन तासांत विरघळते, रंगाच्या थराला थोडा जास्त वेळ लागतो. कापसाचे तंतू हाताने काढून तुळशीच्या आळ्यात टाका. चिखल निवळू द्या, वरचं पाणी ओता आणि खालची माती फडक्यात बांधून माठात ठेवा. वर्षभर मुरलेली माती पुढच्या वेळी मळायला मऊ जाते. कापूस तेवढा नव्याने घालायचा.