दुपारपर्यंत तरी टिकू दे!

आज भाजीबाजारात एक बाई आत्याला ढकलून पुढे घुसली, वर तिलाच चार शब्द ऐकवले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने माझा दंड दाबला.

"सकाळीच बायबलमधलं याकोबाचं पत्र वाचलंय गं. पहिला अध्याय, एकोणिसावं वचन. ऐकायला चटकन, बोलायला नि रागवायला सावकाश. दुपारपर्यंत तरी टिकू दे!"

आत्या एका वेळी एकच वचन घेते. भाकरी थापताना तेच पुटपुटते. बायबलच्या पानांवर पिठाची बोटं उमटलीयत.

पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटलंय. ते डोळे मिटूनच करायचं असतं, हे कोणी ठरवलं कोण जाणे.

नंतर आत्याने त्याच बाईला विचारलं, "मेथी कितीला दिली हो?"

मला मात्र अजून राग आहे. तुम्ही काय केलं असतं?