उंची कमी करावी लागते

सांगलीच्या गावभागात जे थोडे जुने वाडे उरले आहेत, त्यांच्या पडवीत सकाळी उन्हे चढू लागली की जो उजेड येतो, तो मुलांच्या आणि मांजरांच्या फोटोंसाठीच योजला असावा, असे मला वाटते. ऊन थेट अंगावर न पडता चौकाच्या फरशीवरून परतून चेहऱ्यावर येते, त्यामुळे डोळ्यांखाली सावल्या साचत नाहीत आणि बुबुळात उजेडाचा बारीक ठिपका उमटतो, ज्याच्यावाचून चांगला चेहराही निर्जीव दिसतो.

असा उजेड असूनही आपण उभ्यानेच फोटो काढतो. वरून पाहिले की मुलाचे डोके मोठे आणि पाय इवलेसे दिसतात, तर मांजराची नुसती पाठ येते; म्हणून फरशीवर बसावे, प्रसंगी पालथे पडावे. कपडे मळतात, पण त्याला इलाज नाही.

एकोणिसाव्या शतकात फोटो रसायन लावलेल्या काचेवर उमटवत; ती काच पुरेशी प्रकाशित होण्यासाठी काही सेकंद निश्चल राहावे लागे, म्हणून तान्ह्या मुलाला धरून बसलेल्या आईलाच कापडाखाली झाकून ठेवत. आज सेकंदाच्या पाचशेव्या भागात काम होते, तरी आपल्याकडे मुलाला खुर्चीत दाबून बसवायचे, मागून मामाने खुळखुळा वाजवायचा आणि आत्याने ‘हस की गं’ म्हणून ओरडायचे, ही पद्धत टिकून आहे. त्यातून जे येते ते हसू नसते, दातांची तपासणी असते.

काळ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे असावे, असे कॅमेरा धरून चालतो. त्यामुळे काळा मोत्या राखाडी दिसतो आणि पांढरी मनी मळकट. मोबाइलवर डोळ्यावर बोट टेकवून पहिल्यासाठी उजेड किंचित कमी आणि दुसरीसाठी किंचित जास्त करावा. फ्लॅश मात्र टाळावा, कारण या प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, आणि मग घरातली गरीब मनीसुद्धा हिरव्या डोळ्यांनी धाक घालते.

आजीला तेल चोपडून भांग पाडलेला, ताठ बसलेला फोटोच हवा असतो. तो तिला आधी काढून द्यावा, वाद घालू नये. ‘झालं’ म्हणताच मूल खुर्चीवरून उडी मारते, तेव्हा बोट बटणावर असले म्हणजे पुरे.