तुम्ही विचारलंत म्हणून: सेन्सर कुठे लावायचे हे पक्ष्यांना कसं कळतं?

‘शेतात बिनतारी सेन्सर कुठे लावायचे, हे पक्ष्यांचा थवा कसं सांगणार?’ संगणकातल्या काल्पनिक थव्याकडून सेन्सरांच्या जागा शोधून घेणं हा माझा विषय; तो कळला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक पक्षी म्हणजे एक सेन्सर असतो. तसं नाही, आणि खरी गोम इथेच आहे.

एक हेक्टर शेत घ्या, १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद. प्रत्येक सेन्सरला भोवतालचं १० मीटरपर्यंतचं कळतं. नुसता भागाकार केला तर ३२ सेन्सर पुरावेत. पण टेबलावर बांगड्या मांडून बघा. तीन बांगड्या एकमेकींना टेकवल्या की मधे तिकोनी फट उरते. ती बुजवायला बांगड्या एकमेकींवर सरकवाव्याच लागतात. केंद्रांमधलं अंतर त्रिज्येच्या १.७३ पट झालं की फट नेमकी मिटते. त्यापायी ३२ चे ३९ होतात, शिवाय बांधाकडेचे वेगळे. मोठ्या मोकळ्या सपाट जागेसाठी याहून काटकसरीची मांडणी नाही, हे १९३९ सालीच सिद्ध झालंय. तिथे थवा लागतच नाही.

पण शेतात विहीर असते, आंब्याची झाडं असतात, उतार असतो, आणि हातात सेन्सर असतात तीसच. तिथे केनेडी आणि एबरहार्ट या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘पार्टिकल स्वॉर्म’ (कणांचा थवा) ही संगणकी पद्धत कामाला येते. तीस सेन्सरांच्या जागा, प्रत्येक जागेला लांबी-रुंदीकडचे दोन आकडे, म्हणजे साठ आकडे. हे साठ आकडे मिळून एक पक्षी! म्हणजे एकेक पक्षी ही अख्ख्या शेताची एकेक मांडणी. असे चाळीस-पन्नास पक्षी सोडायचे. शेताचा जितका जास्त भाग सेन्सरांच्या टप्प्यात, म्हणजे व्याप्ती जितकी जास्त, तितकी मांडणी चांगली. दर फेरीत प्रत्येकाला तीन ओढी लागतात: आधीच्या वेगाची, स्वतःला आजवर सापडलेल्या सर्वांत चांगल्या मांडणीची आणि थव्यात कुणालाही सापडलेल्या सर्वांत चांगल्या मांडणीची. शेवटच्या दोन ओढींचा जोर दर वेळी थोडा नशिबावर सोडलेला असतो, म्हणून शोध साचेबंद होत नाही.

पुढे अशाच पद्धती इतर प्राण्यांच्या नावांनी निघाल्या: मधमाश्या आल्या, २०१४ मध्ये करडे लांडगे, २०१६ मध्ये देवमासे. माझ्या मते प्राणी कोणता यापेक्षा व्याप्ती मोजली कशी, हे जास्त महत्त्वाचं. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी दर पाच मीटरवरचा बिंदू तपासत होते. व्याप्ती जवळजवळ पूर्ण दिसली, मी खूश! मग एक-एक मीटरवर तपासलं, तर विहिरीच्या कडेने भोकंच भोकं. थव्याने माझ्या चाळणीची भोकं हेरून फटी नेमक्या तिथे लपवल्या होत्या.

म्हणून आता एखादी विद्यार्थिनी नवा प्राणी घेऊन आली की मी आधी विचारते, बिंदू किती अंतरावर घेतलेस? आणि बांगड्यांच्या मांडणीशी ताडून पाहिलंस का?