कागदावर आईचीच बहीण

नेदरलँड्सहून आलेल्या ईमेलमध्ये कामाची ओळ एकच होती: मुलीच्या वडिलांचं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत पाठवा. ज्यांना हा ईमेल आला होता तेच मुलीचे वडील. आईंडहोवनजवळच्या एका कंपनीत नोकरी लागलेली, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं, सोबत बायको, सात वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा. कंपनीच नेदरलँड्सच्या इमिग्रेशन खात्याकडे सगळ्या कुटुंबाचा अर्ज टाकणार होती. कागद तपासणाऱ्या तिथल्या बाईंना मुलीच्या जन्मदाखल्यावर वडील म्हणून कुणीतरी भलतेच गृहस्थ दिसले आणि त्यांनी रीतसर विचारणा केली. एक पालक मागे राहणार असेल तर त्याची लेखी संमती लागतेच, त्यामुळे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

परदेशी जाणाऱ्यांचे कागद तपासून देण्याचं आमचं काम. मंगळवारी दुपारी दोघं नवराबायको फाईल घेऊन आमच्या पुण्याच्या ऑफिसात आले. "सगळं अपोस्टिल झालेलं आहे हो, तरी असं कसं विचारतात?" हे पहिलंच वाक्य. या धंद्यात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं.

अपोस्टिल म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकतो. २००५ मध्ये भारत हेग अपोस्टिल करारात आला. आपला दाखला परदेशात चालावा म्हणून आधी राज्य पातळीवर, म्हणजे आपल्याकडे मंत्रालयात, साक्षांकन होतं; मग परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागे चौकोनी स्टिकर लावतं. सरकारी फी कागदामागे ५० रुपये, बाकी जे काही हजार जातात ते एजंट आणि कुरिअरचे. पण तो स्टिकर एवढंच म्हणतो की कागदावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे. वर काय लिहिलंय ते वाचणं त्या साखळीत कुणाचंच काम नाही. चुकीच्या दाखल्यालाही खरंखुरं अपोस्टिल मिळतं. इथे तेच झालं होतं.

आमच्याकडे फाईल आली की पहिला अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही असा नियम आहे. मोठा कागद घ्यायचा, आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यांत कागदपत्रं: पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, आधार, पदवी. प्रत्येक चौकटीत नाव अक्षरागणिक उतरवायचं. दीपालीत डबल ई आहे की आय, देशमुखमध्ये यू की डबल ओ, शिंदेच्या शेवटी ई आहे की वाय. जन्मतारीख मराठी आकड्यांत हाताने लिहिलेली असेल तर भिंग घ्यायचं, कारण जुन्या कारकुनी अक्षरात १ आणि ९ सख्खे भाऊ दिसतात. स्क्रीनवर वाचून हे जमत नाही. हाताने उतरवलं की चूक बोटाला लागते.

वडिलांचा जन्मदाखला निघाला लॅमिनेट केलेला. स्टिकर आणि शिक्का प्लॅस्टिकवर बसत नाही, म्हणून तो एजंटने बाजूला ठेवून दिला होता आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. इस्त्री फिरवून लॅमिनेशन सोडवायचे प्रयोग लोक करतात. प्लॅस्टिकबरोबर शाईही निघते. यावर उपाय साधा: जिथे नोंद आहे तिथून नवी प्रत काढायची. ती दोन दिवसांत मिळाली.

मुलाचे कागद चोख होते, आणि त्यामागे कारण आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. पासपोर्ट काढतानाच त्याच्या दाखल्यावर चार जणांची नजर फिरली होती. मुलीचा पासपोर्ट जुन्या नियमात निघालेला, जन्मतारखेला आधार लावलेलं, आईवडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टांवरून आलेली. जन्मदाखला शाळेत झेरॉक्स म्हणून गेला तेवढाच. सात वर्षांत तो पूर्ण कुणी वाचलाच नव्हता.

मी वाचला. मुलीचं नाव: नुसतं पहिलं नाव, पुढे काही नाही. आईचं नाव: माहेरचं, पूर्ण. वडिलांचं नाव: आईच्या वडिलांचं. सरकारी कागदाप्रमाणे ही मुलगी आपल्या आईची धाकटी बहीण होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्याचं मूळ. तालुक्याच्या गावातला दवाखाना, केसपेपर आधीपासून माहेरच्या नावाने काढलेला. रात्री सिझेरियन झालं, सकाळी दवाखान्याच्या माणसाने जन्मनोंदणीची चिठ्ठी आजोबांच्या हातात दिली. आजोबांना मी फोन लावला तेव्हा ते सरळ म्हणाले, "पेशंटच्या वडलांचं नाव विचारलंय असं वाटलं. मग मी माझंच लिहिलं की!" चिठ्ठीवरून दवाखान्याने नमुना १, म्हणजे जन्मनोंदणीचा फॉर्म, भरला; नमुना १ वरून नगरपालिकेने नोंद केली. बारशानंतर कुणीतरी जाऊन बाळाचं नाव घातलं, तेही नुसतं पहिलं. वडिलांचं नाव आणि आडनाव पुढे लावलं असतं तर शेजारच्या रकान्याशी विसंगती तेव्हाच डोळ्यांत भरली असती.

दोघांनाही वाटत होतं की प्रतिज्ञापत्र केलं की भागेल. नावाच्या स्पेलिंगला प्रतिज्ञापत्राचा टेकू चालून जातो, पितृत्वाला नाही. मूळ नोंद दुरुस्त होईपर्यंत वरचे सगळे कागद निरुपयोगी. म्हणून दोन निर्णय तिथेच घेतले. वडिलांनी ठरल्या तारखेला एकट्याने जायचं, कुटुंबाचा अर्ज मागाहून. आणि गुरुवारी सकाळी सगळ्यांनी मिळून त्या नगरपालिकेत जायचं.

अर्ज मात्र मी स्वतः लिहून नेला, कारण या कामात शब्दाला किंमत आहे. विषयात "वडिलांचे नाव बदलणेबाबत" असं लिहिलं की टेबलापलीकडच्या माणसाला दत्तक, घटस्फोट, वारसाहक्क असं सगळं एकदम दिसू लागतं आणि तो हात वर करतो. आपण लिहायचं "जन्मनोंदीतील चुकीची दुरुस्ती करणेबाबत", खाली जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १५. या कलमाप्रमाणे नोंद चुकीची असल्याची खात्री पटली की निबंधक ती दुरुस्त करू शकतो. मूळ मजकूर खोडायचा नाही, समासात दुरुस्ती लिहायची, खाली सही आणि तारीख. चूक नुसती लेखनाची नसून आशयाची असेल, तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वसनीय व्यक्तींचं निवेदन लागतं.

एवढं असूनही पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं. लिपिक ताईंनी दाखला पाहिला, अर्ज पाहिला, चष्मा वर केला. "वडिलांच्या नावाचं आहे ना? मग कोर्टाची ऑर्डर आणा." त्यांनाही दोष देता येत नाही. खोट्या दुरुस्त्या करून घेणारे येतात आणि सही करणारा पुढे चौकशीत अडकतो. अशा वेळी कलमावरून हुज्जत घालून उपयोग नसतो. समोरच्या माणसाला स्वतःच्या फाईलमध्ये लावता येईल असा कागद द्यावा लागतो.

तो कागद दवाखान्यात सापडला. सात वर्षांपूर्वीचे केसपेपर ठेवलेच पाहिजेत असं नाही, बरेच जण तीन वर्षांनी रद्दीत देतात. या डॉक्टरबाईंनी माळ्यावर वर्षवार गठ्ठे बांधून ठेवले होते. सिस्टरांनी दीड तासाने तो केसपेपर खाली आणला. त्यात सिझेरियनचं संमतीपत्र होतं: छापील मजकूर, खाली निळ्या शाईत नवऱ्याची सही, पूर्ण नाव, नाते या शब्दापुढे "पती", वेळ रात्री २.४०. डिस्चार्ज कार्डावर बाळाची जन्मतारीख आणि वेळ, नोंदीशी तंतोतंत जुळणारी. डॉक्टरबाईंनी लेटरहेडवर पत्र दिलं की नमुना १ मध्ये पित्याचं नाव अनवधानाने चुकीचं भरलं गेलं, आणि संमतीपत्राच्या प्रतीवर सही-शिक्का मारला. ते पत्र मी दोनदा लिहून घेतलं, कारण पहिल्यात नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख नव्हती. क्रमांकाशिवाय पत्र कोणत्या नोंदीबद्दल आहे हेच ठरत नाही.

निवेदनासाठी आजोबा आणि मामा तयार होते. घरचे नकोत म्हटलं. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सिस्टर आणि शेजारचे निवृत्त गुरुजी, अशी दोन माणसं घेतली. आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं तहसील कार्यालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर झाली. सोबत विवाह प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ई, ज्यात लग्नाची तारीख मुलीच्या जन्माआधीची आणि वधूचं माहेरचं नाव स्पष्ट. आजोबांचंही एक निवेदन जोडलं, चूक कशी झाली हे त्यांच्याच शब्दांत. कायद्याने ते लागत नव्हतं, पण निबंधक साहेबांनी सगळ्यात आधी तेच वाचलं आणि हसले. साडेचारला अर्जाची पोच शिक्क्यासह हातात आली.

एका गोष्टीवरून मात्र मुलीच्या आईशी माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, चाललंच आहे तर दाखल्यावर आईचंही नाव सासरचं करून घेऊ, पासपोर्टाशी जुळेल. मी नको म्हटलं. बाळंतपणाच्या वेळी त्यांनी लावलेलं ते नाव होतं, म्हणजे नोंदीत चूक नव्हती, आणि जिथे चूक नाही तिथे कलम १५ लावायला गेलं की खऱ्या दुरुस्तीवरही शंका येते. माहेरच्या आणि सासरच्या नावामधला पूल नमुना ई बांधतो. त्यालाच अपोस्टिल करून सोबत ठेवायचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतं हे परदेशी अधिकाऱ्याला समजावता येतं. एकाच कागदावर एका दिवशी दोन्ही पालकांची नावं बदलली, हे समजावणं अवघड.

दुरुस्तीला अकरा दिवस लागले. फोन आला तशी वडिलांनी निघायच्या आधी एक फेरी मारली आणि नवा दाखला मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. मराठीत सगळं बरोबर, पण क्यूआर कोड स्कॅन केला तर पोर्टलवर आजोबाच. दुरुस्ती रजिस्टरच्या समासात झाली होती, ऑनलाइन नोंदीत नाही. असा दाखला घेऊन मंत्रालयात गेलो असतो तर पडताळणीत अडकलो असतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लिपिक ताईंनी त्याच दिवशी ऑनलाइन दुरुस्ती पाठवली, दोन दिवसांनी साहेबांच्या लॉगिनमधून ती मंजूर झाली, मग पुन्हा प्रिंट. या वेळी इंग्रजीतलं स्पेलिंग पासपोर्ट समोर धरून अक्षर अक्षर मोजून घेतलं. मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि आडनावही लागलं. प्रती तीन घेतल्या. एक अपोस्टिलला, दोन तशाच ठेवायला. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असल्याने भाषांतराचा खर्च वाचला. विवाह प्रमाणपत्र नुसतं मराठीत असतं तर ते भाषांतरही करून घ्यावं लागलं असतं.

ही साखळी नेदरलँड्सची आहे, हे ध्यानात ठेवा. संयुक्त अरब अमिरात अपोस्टिल करारात नाही. तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर दूतावासाचं साक्षांकन आणि मग तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं. जर्मनीने भारताच्या सहभागाला आक्षेप घेतलेला असल्याने आपलं अपोस्टिल तिथे चालत नाही, कागद वेगळ्या रीतीने तपासले जातात. म्हणून देश कोणता हे विचारल्याशिवाय "अपोस्टिल करून देतो" म्हणणाऱ्या एजंटकडे कागद ठेवू नयेत. अपोस्टिल झालेल्या कागदाला नंतर लॅमिनेशन, पंच, स्टेपल काही करू नये, हेही सांगावं लागतं.

जुना, अपोस्टिल झालेला दाखला त्यांनी फाडायला काढला होता. फाडू नका म्हटलं, पण दोन्ही कागद एका पाकिटात घालून कुठे देऊही नका. वडील एक तारखेला रुजू झाले. कुटुंबाचा अर्ज नव्या दाखल्यावर गेला, मंजुरी आली, मुंबईत पासपोर्टांवर एमव्हीव्हीचा, म्हणजे नेदरलँड्सच्या प्रवेश-व्हिसाचा, स्टिकर लागला. तिकडे पोचल्यावर पाच दिवसांच्या आत स्थानिक नगरपालिकेत नोंदणी करायची असते, तिथे मूळ दाखले दाखवावे लागतात. काउंटरवरच्या माणसाने मुलीचा दाखला शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला, आईचं नाव पासपोर्टात वेगळं का. मुलीच्या आईने नमुना ई पुढे सरकवला.